पैशाचं, कागदाचं : शारजात कंपनी झाली, खातं काही होईना

(बँक आणि परकीय चलनाच्या अडचणींवर वाचकांच्या पत्रांना उत्तरं. उत्तरं देणाऱ्या ताई राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त होऊन आता आर्वी तालुक्यात आपल्या गावी राहतात.)

प्रश्न : ताई, नमस्कार. मी समुद्रपूर तालुक्यातला, वय ३४. घरची नऊ एकर, त्यात तीन एकर वायगाव हळद. पाच वर्षांपासून आमची आणि गावातल्या आणखी अकरा जणांची हळद दळून, पॅकिंग करून विकतो. माझा आतेभाऊ शारजाला नोकरीवर आहे. त्याच्या ओळखीनं तिकडचे तीन दुकानदार महिन्याला मिळून दोन टन माल घ्यायला तयार झाले. नागपूरच्या एका एजंटनं सांगितलं, तिकडे फ्री झोनमध्ये, म्हणजे व्यापाराला सवलती असलेल्या वसाहतीत, कंपनी काढा, शंभर टक्के मालक तुम्हीच, खातं पंधरा दिवसांत. सगळं मिळून ३ लाख ४० हजार गेले. लायसन्स हाती येऊन सात महिने झाले. दोन बँकांनी खातं नाकारलं, कारण सांगत नाहीत. एजंटला फोन केला की "होऊन जाईन भाऊ" म्हणते. आता म्हणते, आणखी दीड लाख द्या, गॅरंटीनं करून देतो. आतेभाऊ म्हणतो, माझ्या खात्यात पैसे मागव, मी तुला पाठवत जाईन. काय करावं? घरचे म्हणतात, हळद हिंगणघाटले नेत होता तेच बरं होतं. सोबत कागद जोडले आहेत.

उत्तर : भाऊ, पत्र वाचलं आणि कागदही. एजंटला शिव्या द्यायच्या आधी एक सांगते. नोकरीच्या ३१ वर्षांपैकी नऊ वर्षं मी नागपुरात परकीय चलनाच्या टेबलावर होते, आणि त्या टेबलाचं निम्मं काम 'नाही' म्हणण्याचं असतं. तुम्हाला नाही म्हणणारा तिकडचा अधिकारी मला परका वाटत नाही. माझ्याच जातकुळीचा आहे, फक्त एसीत बसतो.

आमच्या शाखेत एकदा एक परदेशी गृहस्थ आले होते. त्यांनी इथे कंपनी नोंदवली होती. आपल्याकडची सोयाबीनची ढेप, डीओसी म्हणतात ती, विकत घेऊन बाहेरदेशी पाठवायची. नोंदणीचा दाखला होता, पॅन होतं, संचालकांचा ठराव होता. चालू खातं हवं होतं. मी त्यांना तीनदा परत पाठवलं. दरवेळी एखादा कागद कमी असल्याचं सांगितलं, पण खरं कारण वेगळंच होतं. हा माणूस पैसा कमावतो कसा, हेच मला कळत नव्हतं, आणि जे कळत नाही त्याखाली सही करायची माझी छाती नव्हती. चौथ्यांदा आले तेव्हा मे महिन्यातली दुपार, कूलरमध्ये पाणी नाही. त्यांनी काउंटरवरची पैसे भरायची स्लिप उलटी केली आणि पेनानं चित्र काढलं. इकडे मिल, मिलपासून रेल्वेची रेक, रेक बंदरावर, तिथून जहाज, आणि जहाजाकडून परत आमच्या शाखेकडे येणारा एक बाण. तो पैसा. प्रत्येक बाणावर आकडे : किती टन, किती दिवसांनी, कोणाकडून. दहा मिनिटांत माझ्या डोक्यात उजेड पडला. चार दिवसांत खातं झालं. ती स्लिप मी त्यांच्या फाइलला लावून ठेवली होती, नियमात बसत नसताना.

तुमच्या फाइलमध्ये ती स्लिप नाही. लायसन्स आहे, मेमोरँडम आहे, शेअर सर्टिफिकेट आहे. त्यावरून कंपनी जन्मली एवढंच कळतं. ती खाणार काय, हे कुठेच लिहिलेलं नाही.

आता त्या अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसून तुमचे कागद बघू.

लायसन्सवर धंदा लिहिलाय 'जनरल ट्रेडिंग'. एजंट मंडळी हे मुद्दाम घेतात, कारण त्यात सगळं बसतं. बँकेला नेमकं तेच खुपतं. ज्यात हळद बसते त्यात सोनंही बसतं आणि जुने मोबाइलही. तुम्ही बँकेच्या अर्जात मसाले लिहिलेत आणि लायसन्स म्हणतं काहीही. मसाल्यांचा व्यापार अशी नेमकी नोंद करून घ्या, शुल्क भरून ती बदलून मिळते.

पॅकेजच्या पावतीवर खाली बारीक अक्षरात 'शून्य व्हिसा' असं आहे. तुमचं लक्ष गेलं नसेल, पण घोडं पेंड खातंय ते इथंच. तिथल्या बहुतेक बँकांना खात्यावर सही करणारा माणूस तिथला रहिवासी लागतो. म्हणजे रेसिडेन्स व्हिसा आणि एमिरेट्स आयडी. त्यासाठी आधी कंपनीच्या नावाचं एस्टॅब्लिशमेंट कार्ड, मग एंट्री परमिट, मग तिथे जाऊन रक्ताची तपासणी, छातीचा एक्स-रे, बोटांचे ठसे. शून्य व्हिसाच्या पॅकेजमध्ये यातलं काही येत नाही, म्हणून तर ते स्वस्त असतं. एजंटनं तुम्हाला बैलाविना बंडी विकली आणि पंधरा दिवसांत बाजाराला पोचाल म्हणून सांगितलं.

तुमचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट मी दोनदा पाहिलं. मार्चमध्ये एकदम ४ लाख १२ हजार रोख जमा. मग शुकशुकाट. जूनमध्ये पीककर्ज आलं आणि दोन दिवसांत बियाणं-खतात गेलं. आपल्याकडे कोणालाही दाखवा, शेतकऱ्याचं खातं आहे म्हणून सांगेल. तिकडे टेबलावर बसलेला पोरगा कदाचित केरळचा असेल, कदाचित मनिलाचा. त्याला यात दिसतं : पगार नाही, एकदाच मोठी रोकड, कुठून आली पत्ता नाही. हळद फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते, उकडून, वाळवून, पॉलिश होऊन मग विकली जाते, हे त्याला कोण सांगणार? तुम्हीच. स्टेटमेंटसोबत बाजार समितीची हिशोबपट्टी लावा, सातबारा आणि आठ-अ यांचं नोटरी केलेलं इंग्रजी भाषांतर लावा, दळण-पॅकिंगच्या धंद्याची जीएसटीची विवरणपत्रं लावा. आयकराच्या विवरणात शेतीचं उत्पन्न दाखवलेलं असू द्या. करमुक्त आहे म्हणून पुष्कळ जण तो रकाना कोराच सोडतात, आणि नेमका तोच कागद अशा वेळी कामाला येतो. यंदापासून अडत्याला सांगा, चुकारा खात्यात टाक. आणि वायगाव हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. त्याचे अधिकृत वापरकर्ते म्हणून तुमची नोंद असेल तर ते प्रमाणपत्र सगळ्यात वर ठेवा. जनरल ट्रेडिंगवाल्या शंभर अर्जांत तसा कागद एकाचाही नसेल.

आता नाव-गाव. सातबाऱ्यावर तुमच्या नावाला 'राव' लागलाय, आधारवर नाही. पासपोर्टवर वडिलांच्या नावाला 'जी' चिकटलाय. गावाचं स्पेलिंग पासपोर्टवर 'व्ही'नं आणि लायसन्सवर 'डब्ल्यू'नं. आपल्याला हसू येतं, पण तिकडे नावं जुळवून बघतो संगणक आणि त्याला हसू येत नाही. पत्त्याचा पुरावा म्हणून महावितरणचं बिल जोडलंय, ते आजोबांच्या नावाचं. आजोबा २०११ मध्ये गेले असं त्याच पानावर तुम्ही लिहिता! बिल नावावर करून घ्या. तोवर इथल्या बँकेचं पत्त्यासकट इंग्रजी स्टेटमेंट शाखेच्या सही-शिक्क्यानं द्या. ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला इथे लाखमोलाचा असला तरी तो गोल शिक्का तिकडे कोणी वाचत नाही. कुठला कागद साक्षांकित करून मागितला तर अपोस्टिलवर, म्हणजे हेग करारातल्या देशांत चालणाऱ्या साक्षांकनाच्या शिक्क्यावर, पैसे घालू नका. भारत त्या हेग करारात २००५ मध्ये आला, पण अमिरात त्यात नाही. तिथे आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का आणि त्यावर अमिरातीच्या दूतावासाचा, असं चालतं.

(जाता जाता : नोव्हेंबर २०२२ पासून पासपोर्टवर एकच नाव आणि आडनावाचा रकाना रिकामा असेल तर अमिरातीत पर्यटक व्हिसावर घेत नाहीत. तुमचा ठीक आहे. गावातून दुसरं कोणी जाणार असेल तर बघून घ्या.)

बँका कारण सांगत नाहीत म्हणून रागावू नका. एखाद्याबद्दल संशयाचा अहवाल वर पाठवला असेल तर ते त्या ग्राहकाला कळू द्यायला कायद्यानं मनाई आहे, इथेही आणि तिथेही. त्यामुळे बँका सरसकट कोणालाच कारण सांगत नाहीत. मीसुद्धा "हेड ऑफिसकडून आलं नाही" एवढंच म्हणायची. त्यात अमिरातीला मार्च २०२२ ते फेब्रुवारी २०२४ एफएटीएफ या काळ्या पैशावर नजर ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं करड्या यादीत ठेवलं होतं, म्हणजे काळ्या पैशावरची तुमची नजर ढिली आहे असा शेरा. दुधानं तोंड पोळलंय, ताकही फुंकून पिणारच.

इथवर तुम्ही विचारलेलं झालं. आता तुम्ही न विचारलेलं, आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते.

तुमच्या खर्चाच्या कागदावर एक ओळ आहे : 'भांडवल दीड लाख, तिकडे भावानं भरले, इकडे आत्याकडे रोख दिले.' गावात याला घरचा व्यवहार म्हणतात. फेमा या परकीय चलनाच्या कायद्याच्या नजरेत हा हवाला आहे. आत्या सख्खी असली तरीही.

रीतसर वाट अशी आहे. भारतात राहणारा माणूस एलआरएस योजनेखाली आर्थिक वर्षाला २,५०,००० डॉलरपर्यंत बाहेर पाठवू शकतो, आणि त्याच मर्यादेत परदेशी कंपनीत भागभांडवल घालू शकतो. त्याचे सध्याचे नियम ऑगस्ट २०२२ मध्ये आले. पैसे तुमच्या खात्यातून बँकेमार्फतच जायला हवेत. सोबत फॉर्म एफसी आणि ए-२ भरायचा, त्यावर तुमच्या कंपनीला रिझर्व्ह बँकेचा एक क्रमांक मिळतो. शेअर सर्टिफिकेट सहा महिन्यांच्या आत बँकेला दाखवायचं. आणि दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत कंपनीच्या कामगिरीचा अहवाल द्यायचा, नफा असो नसो. स्वतःच्या कंपनीला हातउसने देणंही व्यक्तीला चालत नाही, जे द्यायचं ते भांडवल म्हणूनच. वर्षात १० लाखांच्या वर पाठवलंत तर वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. तो करात वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो.

तालुक्याच्या शाखेत फॉर्म एफसी म्हटलंत तर मॅनेजर तुमच्याकडेच बघत राहील. त्या बिचाऱ्यानं तो नोकरीत कधी पाहिलेला नसतो. तुमच्याच बँकेची नागपूरची परकीय चलनाची शाखा गाठा आणि सीएला सोबत न्या. झालेलं लपवू नका, तारखांसकट लिहून द्या. नुसता उशीर असेल तर लेट सबमिशन फी भरून नोंद होते. नियमच मोडला असेल तर रिझर्व्ह बँकेकडे कंपाउंडिंगचा, म्हणजे रक्कम भरून प्रकरण मिटवायचा, अर्ज करता येतो. आणि हे खातं उघडायच्या आधी करा. तिकडची बँक विचारणार, भांडवल आलं कुठून? तेव्हा आत्या सांगून भागणार नाही.

दुसरं, तिकडचं. अमिरातीत जून २०२३ पासून कंपन्यांना कॉर्पोरेट टॅक्स लागला, ३,७५,००० दिरहमच्या वरच्या नफ्यावर ९ टक्के. तुम्ही म्हणाल, माझा नफाच नाही. पण नाव नोंदवणं सगळ्यांनाच आहे, फ्री झोनलाही, आणि नव्या कंपनीला ते स्थापनेपासून तीन महिन्यांत करायचं असतं. उशीर झाला की १०,००० दिरहम दंड. तुमचे सात महिने झाले. एजंटनं नोंदणी केली का, हे आजच विचारा. केली नसेल तर लगेच करा आणि पहिलं विवरणपत्र पहिलं करवर्ष संपल्यापासून सात महिन्यांच्या आत भरा. तसं भरणाऱ्यांना तो दंड माफ करायची सवलत तिकडच्या कर खात्यानं दिली आहे.

इकडच्या आयकर विवरणात परकीय मालमत्तेचा वेगळा तक्ता असतो. त्यात कंपनीतला हिस्सा दाखवायचा आणि उद्या खातं झालं की तेही. 'सुगम' फॉर्ममध्ये हा तक्ता नाही, तुमच्या सीएला फॉर्म बदलावा लागेल. न दाखवल्याचा दंड १० लाखांचा आहे. ऑक्टोबर २०२४ पासून जमीन-घर सोडून इतर मालमत्ता २० लाखांच्या आत असेल तर त्या दंडातून सूट मिळाली, पण दाखवायचं सुटलेलं नाही. शिवाय तुम्ही इथून माल विकणार तो स्वतःच्याच तिकडच्या कंपनीला. त्या व्यवहारासाठी सीएचा आणखी एक अहवाल लागतो, ३सीईबी नावाचा, रक्कम कितीही छोटी असो. त्याची फी विचारून ठेवा, हळदीच्या किलोमागे किती पडते ते काढा.

आतेभावाच्या खात्यात पैसे मागवू नका. त्याचं पगाराचं खातं आहे. त्यात दुकानदारांचे पैसे यायला लागले की बँक ते गोठवेल आणि त्याचा व्हिसा त्याच्या मालकाच्या हातात आहे. तुमच्या पायी त्याची नोकरी जायची. इकडेही शिपिंग बिलावर खरेदीदार एक आणि पैसे पाठवणारा दुसराच, मग ते जुळवता जुळवता तुमचा जीव जाईल.

गॅरंटीचं म्हणाल तर त्या बँकेचा मॅनेजरही ती देऊ शकत नाही. एजंटला एकच विचारा : दीड लाखाचा तपशील लिहून दे. त्यात एस्टॅब्लिशमेंट कार्ड, व्हिसा, मेडिकल, आयडी असेल तर तो खरा खर्च आहे, घासाघीस करा. नुसतं 'बँकेत सेटिंग' असेल तर फोन ठेवा. आणि खातं झालं तरी पुष्कळ बँका २५ ते ५० हजार दिरहम कायम शिल्लक ठेवा म्हणतात, नाही ठेवली की दरमहा कापतात. दिरहम २४ रुपयांचा धरला तर ५० हजारांचे १२ लाख झाले. महिन्याला दोन टन हळदीच्या धंद्यात १२ लाख नुसते झोपवून ठेवायचे? फोनवर चालणाऱ्या नव्या बँका कमी शिलकीत खातं देतात, पण आयडी त्याही मागतात.

मला विचाराल तर मी आधी त्या तीन दुकानदारांना फोन लावला असता. त्यांना शारजात तुमची कंपनी हवी आहे की हळद हवी आहे? हळदच हवी असेल तर एक हंगाम इथूनच पाठवा. आयात-निर्यात कोड ५०० रुपयांत घरबसल्या निघतो. हळद मसाल्यात मोडते म्हणून स्पायसेस बोर्डाची निर्यातदार नोंदणी लागते. बँकेचा एडी कोड (परकीय चलनाच्या व्यवहारासाठीचा तिचा क्रमांक) कस्टम्सकडे नोंदवायचा, जीएसटीत एलयूटी (कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र) भरायचं. अमिरातीशी आपला सेपा हा व्यापार करार १ मे २०२२ पासून लागू आहे, त्याखालचं उगम प्रमाणपत्र काढून द्या, दुकानदार खूश होतील. आलेले डॉलर रुपयांत करायची घाई नसेल तर इथल्याच बँकेत ईईएफसी खातं, म्हणजे निर्यातीचे पैसे परकीय चलनातच ठेवायचं खातं, मिळतं. व्याज नाही आणि पुढच्या महिनाअखेर रुपये करावे लागतात, पण तेवढ्यात पॅकिंगच्या परदेशी मशीनचं बिल भागवता येतं.

अशा सहा-आठ खेपा झाल्या, पैसे वेळेवर आले, बँकेची निर्यातवसुलीची प्रमाणपत्रं हातात पडली, की तीच तुमची स्लिप. मग आयडी काढून तिकडच्या बँकेत जा आणि एका पानावर चित्र काढा : बारा शेतकरी, दळण, नागपूर, बंदर, शारजा, तीन दुकानं, परत येणारा बाण. खाली तीन दुकानदारांची नावं, बिलं, महिन्याचे आकडे. व्हिडिओ कॉलवर मुलाखत घेतली तर ती गावात देऊ नका, ऐन वेळी लाइन जाते. हिंगणघाटला कोणाच्या तरी ऑफिसात बसा. आतेभावाला शेजारी बसवून उत्तरं पुटपुटू देऊ नका, कॅमेऱ्यात सगळं दिसतं.

लायसन्सचं वर्ष संपायला पाच महिने आहेत. तोवर ठरवा, ठेवायची की नाही. नसेल ठेवायची तर रीतसर रद्द करून दाखला घ्या. तशीच सोडून दिली तर दंड चढत राहतो आणि पुढे व्हिसाच्या वेळी तो आडवा येतो. घरच्यांना सांगा, हिंगणघाट कुठे जात नाही.

प्रश्न : माझा मुलगा पुण्याची नोकरी सोडून दारव्ह्याला घरी आला आहे. माडीवर बसून अमेरिकेतल्या दोन गिऱ्हाइकांचं सॉफ्टवेअरचं काम करतो. म्हणतो, तिथल्या वायोमिंग राज्यात एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) काढतो, घरबसल्या तिथलं खातंही मिळतं. हे खरं असतं का? यात पुढे काही लचांड तर नाही ना? — एक आई, जि. यवतमाळ

उत्तर : खरं असतं, वहिनी. तिथे एलएलसी काढायला तिथला नागरिक असावं लागत नाही, जावंही लागत नाही. कराचा क्रमांक मात्र ज्याच्याकडे त्यांचा सोशल सिक्युरिटी नंबर नाही त्याला ऑनलाइन मिळत नाही. एसएस-४ नावाचा फॉर्म फॅक्सनं किंवा टपालानं पाठवावा लागतो. फॅक्स! आमच्या शाखेतलं मशीन भंगारात गेलं त्याला किती वर्षं झाली.

घरबसल्या मिळणारं खातं बहुतेक वेळा एका ॲपवर असतं. ते ॲप म्हणजे बँक नव्हे, पैसे मागच्या कुठल्यातरी बँकेत असतात. तिकडे ठेवींना २,५०,००० डॉलरचं विमासंरक्षण आहे, पण ते बँक बुडाली तर. २०२४ मध्ये ॲप आणि बँका यांच्या मधली एक कंपनी दिवाळखोरीत गेली, बँका शाबूत होत्या आणि तरी हजारो लोकांचे पैसे महिनोन् महिने अडकले, कारण कोणाचे किती याच्या वह्याच जुळेनात. तिथे शिल्लक साठू देऊ नये, आलं की इकडे आणावं.

लचांड विचाराल तर एकच मोठं. परदेशी माणसाच्या एकट्याच्या मालकीच्या एलएलसीला दरवर्षी ५४७२ हा फॉर्म भरावा लागतो, मालकानं कंपनीत घातलेले-काढलेले पैसे दाखवायला. कर शून्य असला तरी. विसरला तर दंड २५,००० डॉलर. एलएलसी काढून देणारे हे सांगत नाहीत, त्यांचं काम नोंदणीच्या दिवशी संपतं. शिवाय वर हळदवाल्या भाऊंना लिहिलेलं इकडचं सगळं, फॉर्म एफसी आणि परकीय मालमत्तेचा तक्ता, त्यालाही लागू.

दोन गिऱ्हाइकांसाठी हे सगळं कशाला? त्यानं स्वतःच्या नावानं इनव्हॉइस द्यावं, पैसे दारव्ह्याच्याच बँकेत चालू खात्यात मागवावेत. बँक पर्पज कोड, म्हणजे पैसे कशाचे याचा क्रमांक, विचारेल, सॉफ्टवेअर सल्ल्याचा पी०८०२ आहे. पैसे आल्याचा दाखला दरवेळी मागून घ्यावा आणि जपून ठेवावा. वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी. अमेरिकन गिऱ्हाईक स्वतःहून "एलएलसीशिवाय काम देणार नाही" म्हणालं तर तेव्हा बघू. अजून तसं कोणी म्हणालेलं नाही ना? मुलाला विचारा.

प्रश्न : ओळखीचा एक जण म्हणतो, तुमच्या नावानं बाहेरदेशी कंपनी आणि खातं उघडतो, तुम्हाला काही करायचं नाही, महिन्याला १५ हजार घरपोच. पासपोर्ट आणि आधार त्याच्याकडे दिलं आहे. सही करू का? — एक शेतकरी, ता. काटोल

उत्तर : नाही. खात्यातून ज्याचे पैसे जातील तो कोण, हे तुम्हाला कधी कळणार नाही. पोलीस मात्र खातं ज्याच्या नावावर आहे त्याच्या दारात येतात, आणि तुमचं दार सापडायला सोपं आहे. उद्या सकाळीच दोन माणसं सोबत घेऊन जा आणि पासपोर्ट परत आणा. आधार ॲपवरून बायोमेट्रिक लॉक करा, जमत नसेल तर गावातल्या शाळकरी पोराकडून करून घ्या. काही कोऱ्या कागदांवर सह्या झाल्या असतील तर काटोलच्या पोलीस ठाण्यात अर्ज देऊन पोच घ्या. पासपोर्ट द्यायला तो टाळाटाळ करू लागला तर त्याच अर्जात तेही लिहा.